दातदुखी : घरगुती उपचार आणि त्यांची मर्यादा



आपल्या स्मरणिकेत धम्म, शिक्षण, स्पर्धा परीक्षा, आरक्षण अशा विषयांवर अभ्यासपूर्ण लेख येत असतात. आम्ही यावेळी दातदुखीसारखा साधा विषय घेतला आहे. याचे कारण असे की, ताप आला तर माणूस दवाखान्यात जातो, डोके दुखले तर गोळी घेतो. परंतु दाढ दुखू लागली की तो सर्वप्रथम स्वयंपाकघरात जातो. लवंग, हिंग, मीठ, शेजारच्या आजीने सांगितलेला एखादा पाला, आणि ते संपले की दुकानातील मशेरी. यातील काही उपाय खरोखर चांगले आहेत, काही निरुपयोगी आहेत आणि काही जीवावर बेतणारे आहेत. आम्ही वैद्य नव्हे की डॉक्टर नव्हे. जे वाचले, दंतवैद्यांना विचारून घेतले आणि वस्तीत डोळ्यांनी पाहिले, तेवढेच येथे मांडत आहोत.

दाढ का ठणकते?

दाताच्या सर्वांत बाहेरच्या आवरणास एनॅमल म्हणतात. आपल्या शरीरातील हा सर्वांत कठीण पदार्थ, हाडापेक्षाही कठीण. त्याच्या आत डेंटिन नावाचा थोडा मऊ थर आणि अगदी मध्यभागी पल्प, म्हणजे रक्तवाहिन्या व मज्जातंतू असलेला जिवंत गाभा असतो. आपण गोड खाल्ले, साखरेचा चहा प्यालो, बिस्किटाचा लगदा दाढेत अडकला की तोंडातील सूक्ष्म जंतू त्या साखरेपासून आम्ल तयार करतात. हे आम्ल एनॅमलला हळूहळू खाऊन टाकते. आपण ज्याला 'कीड लागली' म्हणतो ती हीच क्रिया होय. खड्डा एनॅमलपुरता असेपर्यंत काहीच दुखत नाही. तो डेंटिनपर्यंत गेला की थंड, गोड, आंबट लागताच कळ येते. पल्पपर्यंत पोहोचला की मग ठणका सुरू होतो.

हा ठणका इतका भयंकर का असतो? बोटाला लागले तर बोट सुजते, कातडी ताणली जाते, सुजेला जागा मिळते. दाताच्या आतल्या गाभ्याला मात्र चारी बाजूंनी कठीण भिंत आहे. सूज आली तरी पसरायला जागा नाही, म्हणून सगळा दाब मज्जातंतूवर येतो. आडवे झाले की डोक्याकडे रक्ताचा दाब वाढतो. दिवसभर सहन होणारी दाढ रात्री अंथरुणावर पाठ टेकताच उसळते, ते यामुळे. अशा वेळी दोन उशा घेऊन डोके उंच ठेवून झोपावे. एक पैसा खर्च न होणारा हा उपाय आहे, पण फार थोड्या लोकांना माहीत आहे.

येथे एक गोष्ट वाचकांनी नीट लक्षात घ्यावी, कारण पुढचे सर्व विवेचन तिच्यावर अवलंबून आहे. सुजलेला पल्प काही दिवसांनी मरतो. तो मेला की मज्जातंतूही मरतो आणि दुखणे आपोआप थांबते. त्या आठवड्यात माणसाने जो काही उपाय केला असेल, त्यालाच श्रेय मिळते. "अमक्या पाल्याने माझी दाढ कायमची थांबली" असे छातीठोकपणे सांगणारे लोक खोटे बोलत नसतात. पण त्यांच्या दाढेत त्यावेळी जंतू मुळावाटे जबड्याच्या हाडाकडे निघालेले असतात.

विनयपिटकातील दंतकाष्ठ

मुखाची निगा हा विषय आपल्या परंपरेला नवा नाही. विनयपिटकाच्या चुल्लवग्गात दंतकाष्ठाचा, म्हणजे दात घासण्याच्या काडीचा, प्रसंग आला आहे. भिक्खू दंतकाष्ठ चावत नसत, त्यामुळे त्यांच्या मुखास दुर्गंधी येई. तेव्हा तथागतांनी दंतकाष्ठ न चावण्याचे पाच तोटे व चावण्याचे पाच फायदे सांगितले. डोळ्यांना हितकर, मुखास दुर्गंधी नाही, रसवाहिन्या शुद्ध राहतात, पित्त व कफ अन्नाला झाकून टाकत नाहीत आणि अन्नाची रुची वाढते, असे ते फायदे होत. पुढचा भाग तर फारच मनोरंजक आहे. छब्बग्गिय भिक्खू लांबच लांब काड्या वापरू लागले आणि त्यांनीच श्रामणेरांना मारू लागले, म्हणून काडी आठ अंगुळांपेक्षा लांब नसावी असा नियम झाला. मग एका भिक्खूने अगदीच आखूड काडी घेतली, ती घशात अडकली, म्हणून चार अंगुळांपेक्षा आखूड नसावी असाही नियम झाला. इतक्या बारीकसारीक गोष्टीत लक्ष घालणारा शास्ता जगाच्या इतिहासात विरळाच.

महावग्गातील भेसज्ज खंधकात आजारी भिक्खूंसाठी ज्या औषधांना अनुमती दिली आहे त्यात हळद, आले, कडुनिंबाची पाने व काढा, तुळशीची पाने, मिरी, पिंपळी, हिरडा, बेहडा, आवळा आणि निरनिराळी मिठे आहेत. आपल्या घरच्या मांडणीवरच्या बरण्याच जणू! सातव्या शतकात चीनमधून आलेला भिक्खू इत्सिंग नालंदा येथे सुमारे दहा वर्षे राहिला. त्याने आपल्या वृत्तांतात दंतकाष्ठावर एक स्वतंत्र प्रकरण लिहिले असून या सवयीमुळे भारतात दातदुखी क्वचितच आढळते असे नमूद केले आहे. आज तो आला असता तर त्याला ते वाक्य खोडावे लागले असते. २०२२ साली जागतिक आरोग्य संघटनेने प्रसिद्ध केलेल्या अहवालानुसार जगातील साडेतीन अब्ज लोकांना, म्हणजे जवळजवळ निम्म्या मानवजातीला, मुखाचा कोणता ना कोणता विकार आहे. त्या काळी साखर नव्हती असे नाही, पण गोळीपासून बिस्किटाच्या पुड्यापर्यंत दिवसभर तोंडात गोड ठेवण्याची सोय नव्हती.

घरातले चांगले उपाय

सर्वांत भरवशाचा उपाय म्हणजे लवंग. लवंगेच्या तेलात सुमारे ७० ते ९० टक्के युजेनॉल हे द्रव्य असते. त्याने मज्जातंतू काही काळ बधिर होतो आणि जंतूंनाही थोडा आळा बसतो. ही केवळ आजीबाईची समजूत नाही. दंतवैद्य तात्पुरती पूड भरतात तेव्हा झिंक ऑक्साइडची पांढरी भुकटी युजेनॉलमध्येच कालवतात. दंतवैद्याच्या दवाखान्यात शिरताच जो ओळखीचा वास येतो तो लवंगेचाच. वापरण्याची रीत मात्र बहुतेक घरांत चुकीची असते. बाटली उपडी करून बोटाने हिरडीभर तेल चोळू नये, कारण निव्वळ तेलाने हिरडी व गाल भाजतात आणि दाताच्या दुखण्यात तोंड आल्याची भर पडते. लवंगेचे एक-दोन थेंब चमचाभर गोडेतेलात मिसळावेत, कापसाचा अगदी छोटा बोळा त्यात बुडवून पिळून घ्यावा आणि चिमट्याने फक्त किडलेल्या खड्ड्यात ठेवावा. दहा-पंधरा मिनिटांनी काढून थुंकावे. तेल गिळू नये. तेल नसेल तर अख्खी लवंग दुखऱ्या दाढेजवळ धरून हळूहळू चावावी. लहान मुलांना मात्र लवंगेचे तेल मुळीच देऊ नये. थोडे जरी पोटात गेले तरी ते त्यांना बाधते.

दुसरा उपाय मिठाच्या पाण्याचा. पेलाभर कोमट पाण्यात अर्धा चमचा मीठ विरघळवून, घोट तोंडात अर्धा मिनिट खळखळवून थुंकावा. दिवसातून तीन-चार वेळा, विशेषतः जेवणानंतर. याने अडकलेले अन्नकण निघतात आणि हिरडीची सूज उतरते. पुष्कळदा दाढ दुखते असे वाटते, प्रत्यक्षात दोन दाढांच्या फटीत मटणाचा धागा किंवा पेरूची बी रुतून हिरडी सुजलेली असते. अशा वेळी चुळा भराव्यात आणि स्वच्छ दोऱ्याने फट साफ करावी. पिन, सुई, सेफ्टी पिन घालून कोरू नये.

तिसरा, गालावर बाहेरून थंड शेक. फडक्यात बर्फ गुंडाळून पंधरा मिनिटे धरावा. आपल्याकडे तव्यावर फडके गरम करून शेकण्याची पद्धत आहे. ती अंगदुखीला ठीक आहे. पण दाढेत पू झालेला असताना गालावर गरम शेक दिल्यास तेथे रक्तपुरवठा वाढून सूज अधिक फुगण्याचा संभव असतो.

पेरूची कोवळी पाने उकळून त्या पाण्याने चुळा भरणे, बाभळीच्या सालीचा काढा, तुरटीचे पाणी हे सर्व तुरट उपाय आहेत. सैल व रक्त येणाऱ्या हिरड्यांना त्यांनी बरे वाटते, किडलेल्या दाढेला फारसे नाही. हिंग, लसूण, अक्कलकारा यांनी थोडा वेळ झिणझिण्या येऊन मूळ दुखणे विसरायला होते. लसूण ठेचून हिरडीवर बांधून ठेवणाऱ्यांच्या हिरडीला फोड आलेले आम्ही पाहिले आहेत.

आता गोळीविषयी. पोटात घेण्याची गोळी दाढेजवळ दाबून ठेवण्याची सवय पुष्कळांना आहे. ॲस्पिरिन हे आम्ल आहे, ते हिरडीला भाजून पांढरे करते. गोळी पाण्याबरोबर गिळायची असते. साध्या दुखण्यावर प्रौढ माणसाला पॅरासिटामॉल चालते. ५०० मिलिग्रॅमची एक गोळी, फार तर दोन, दोन वेळांमध्ये सहा तासांचे अंतर ठेवून. यकृताचा आजार असणाऱ्यांनी व दारू पिणाऱ्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नये. औषधाच्या दुकानदाराला "दाढेवर काहीतरी जालीम द्या" म्हणून अँटिबायोटिकच्या चार गोळ्या आणणे ही तर घातक सवय आहे. किडलेल्या दाढेतील मेलेल्या गाभ्यापर्यंत रक्तच जात नाही, मग त्या गोळीतील औषध जाणार कोठून?

मशेरी : औषधाच्या नावाखाली विष

या विषयावर थोडे सविस्तर लिहिणे आम्हाला आवश्यक वाटते. आपल्या किती माताभगिनींच्या तोंडात मशेरीने प्रवेश केला तो दातदुखीचे औषध म्हणूनच. बाळंतपणात दाढ दुखली, सासू म्हणाली, "लाव गं जराशी मशेरी, ठणका बसतोय बघ." लावली. ठणका बसला, कारण तंबाखूतील निकोटीनने गुंगी येते. दुसऱ्या दिवशी पुन्हा लावली. वर्षभरात दुखणारी दाढ पडूनही गेली, पण मशेरी राहिली. सकाळी उठल्यावर लावल्याशिवाय शौचाला होत नाही, दुपारी लावल्याशिवाय कामाला हात उचलत नाही. तव्यावर तंबाखू भाजून पूड करायची आणि डबी कनवटीला ठेवायची. आमच्या वस्तीतील भाजी विकणाऱ्या एका मावशींना आम्ही एकदा मशेरीबद्दल बोललो, तर त्या म्हणाल्या, "भाऊ, आम्ही काय विडी ओढतो का दारू पितो? दातच घासतो की." त्यांच्या दृष्टीने ते व्यसन नव्हतेच. दोन वर्षांनी त्यांच्या गालाच्या आतील बाजूस, नेमकी मशेरी ठेवण्याच्या जागी, पांढरा चट्टा आला. तो दुखत नव्हता म्हणून त्यांनी कोणाला दाखवला नाही. दाखवला तेव्हा तो कर्करोग ठरला आणि अर्धा जबडा काढावा लागला. आज त्या आहेत, पण भाकरी पाण्यात कुस्करून खातात.

तंबाखू दाताला मजबूत करत नाही. तंबाखूने हिरड्या मागे सरकतात, मुळे उघडी पडतात आणि दात हलू लागतात. दंतमंजनात व टूथपेस्टमध्ये तंबाखू घालण्यास केंद्र सरकारने १९९२ साली बंदी केली, महाराष्ट्र शासनाने २०१२ साली गुटख्यावर बंदी आणली. परंतु घरच्या तव्यावर भाजल्या जाणाऱ्या तंबाखूला कोणता कायदा अडवणार? पंचशीलातील पाचवे शील ग्रहण करताना आपण मादक पदार्थांपासून अलिप्त राहण्याची प्रतिज्ञा करतो. विहारात पुढच्या रांगेत बसून ते शील म्हणणाऱ्या आपल्या आयाबहिणींच्या कनवटीला डबी असते, आणि बापूंच्या खिशात चुन्याची पुडी असते, हे कटू असले तरी सत्य आहे. महिला मंडळाने हा विषय हाती घ्यावा. तोंडात पांढरा किंवा लाल चट्टा, दोन-तीन आठवड्यांत न भरणारी जखम, तोंड पूर्वीसारखे न उघडणे, ही लक्षणे दुखत नसली तरी तपासून घ्यावीत. उलट न दुखणाराच चट्टा अधिक फसवा असतो.

दाताची अळी काढणारे

बाजाराच्या दिवशी रस्त्याच्या कडेला बसून दातातून, कानातून अळ्या काढून दाखवणारे लोक वाचकांपैकी अनेकांनी पाहिले असतील. भुईरिंगणीचे बी तापलेल्या लोखंडावर टाकून नळीने त्याची धुरी दाढेला देतात आणि मग पाण्याच्या वाटीत पांढऱ्या बारीक अळ्या तरंगताना दिसतात. रोगी थक्क होतो व पैसे देतो. युरोपातही पूर्वी खुरासानी ओव्याच्या बियांची अशीच धुरी देत असत. बी उष्णतेने फुटते आणि आतील पांढरा कोंब बाहेर उडतो. तीच ती 'अळी'. पिएर फोशार या फ्रेंच दंतवैद्याने १७२८ साली प्रसिद्ध केलेल्या आपल्या ग्रंथात दातात अळी असते ही समजूत फेटाळली होती. तिला जवळजवळ तीनशे वर्षे होत आली, तरी आमच्या आठवडी बाजारातली अळी अजून जिवंत आहे. तथागतांनी कालामांना केलेला उपदेश आपण सर्वांनी अनेकदा ऐकला आहे; तो बाजारात जातानाही सोबत न्यावा.

याच जातीचे, पण अधिक धोक्याचे उपाय म्हणजे रुईचा चीक आणि बिब्बा. दोन्ही कातडीला भाजतात. त्याने मज्जातंतू जळून कधी कधी दुखणे थांबतेही, पण हिरडी, गाल, जीभ यांना खोल जखमा होतात.

घरी थांबू नये अशी वेळ

आमच्या परिसरात हमाली करणारा तिशीतला एक तरुण आहे. खालची शेवटची दाढ महिनाभर दुखत होती. रोज कमवावे तेव्हा खावे अशी स्थिती, त्यामुळे खाडा परवडत नव्हता. लवंग झाली, बिब्बा झाला, कोणाकडून तरी गोळ्या झाल्या. एके दिवशी दुखणे थांबले. चौथ्या दिवशी जबड्याखाली सूज आली, पाचव्या दिवशी तोंड एक बोटही उघडेना, रात्री थुंकी गिळता येईना आणि श्वासाला घरघर लागली. मंडळाच्या कार्यकर्त्यांनी रिक्षात घालून सरकारी रुग्णालयात नेले. डॉक्टरांनी मध्यरात्री गळ्याला बाहेरून छेद देऊन पू काढला. आणखी काही तास उशीर झाला असता तर श्वास कोंडून गेला असता असे त्यांनी सांगितले. एक दिवसाचा खाडा वाचवायला गेलेल्या त्या कुटुंबाला पुढे वीस दिवस उधारीवर काढावे लागले.

म्हणून पुढील लक्षणे दिसल्यास लवंगेची बरणी बाजूला ठेवून त्याच दिवशी, त्याच रात्री रुग्णालय गाठावे : गालावर, जबड्याखाली किंवा डोळ्याच्या खाली वाढत जाणारी सूज, ताप व थंडी, तोंड न उघडणे, गिळताना किंवा श्वास घेताना त्रास. मधुमेह असलेल्यांनी तर साधी सूजही अंगावर काढू नये. आणखी एक, चाळिशी उलटलेल्या माणसाचा खालचा जबडा कष्ट करताना किंवा जिना चढताना दुखत असेल, सोबत छातीत दडपण व घाम असेल, तर ते दुखणे दाताचे नसून हृदयाचे असू शकते.

दवाखान्याची भीती

वरची दाढ काढली की डोळे अधू होतात, या समजुतीने हजारो लोक सडलेली दाढ तोंडात बाळगून आहेत. दाताची संवेदना नेणारा मज्जातंतू वेगळा आणि दृष्टीचा वेगळा. चाळिशीनंतर चष्मा सर्वांनाच लागतो, दाढ काढलेल्यांनाही आणि न काढलेल्यांनाही. उलट वरच्या दाढेतील पू तसाच ठेवला तर त्याची सूज डोळ्याकडे चढते.

मुलांच्या बाबतीत "दुधाचे दात आहेत, पडणारच" असे म्हणून दुर्लक्ष होते. सहाव्या वर्षाच्या सुमारास दुधाच्या दाढांच्या मागे एक नवी दाढ येते. तिच्या आधी तेथे कोणताही दात पडलेला नसतो, त्यामुळे आईबाप तिलाही दुधाचीच समजतात. ती कायमची असते. ती गेली की पुन्हा येत नाही. फ्लोराइड असलेली पेस्ट रात्री झोपण्यापूर्वी लावून दात घासणे आणि रात्रीची साखरेच्या दुधाची बाटली बंद करणे, एवढ्यानेही ही दाढ पुष्कळ अंशी वाचते.

मुंबई, नागपूर व छत्रपती संभाजीनगर येथे शासकीय दंत महाविद्यालये व रुग्णालये आहेत, मुंबईत नायर रुग्णालयाचे दंत महाविद्यालय आहे. तेथे खाजगीपेक्षा कितीतरी कमी खर्चात दाढ काढून किंवा भरून मिळते. सकाळी लवकर जाऊन केसपेपर काढावा. उपाशीपोटी जाऊ नये, न्याहारी करूनच जावे. रक्तदाब, मधुमेह, हृदयविकार, रक्त पातळ होण्याच्या गोळ्या किंवा दिवस गेलेले असल्यास ते आधीच सांगावे आणि चालू गोळ्यांची पाकिटे पिशवीत घालून न्यावीत. दाढ काढल्यावर कापसाचा बोळा अर्धा तास घट्ट चावून धरावा, सारखे थुंकू नये, त्या दिवशी चूळ भरू नये, तंबाखूला हात लावू नये आणि थंड, मऊ पदार्थ खावेत. दुसऱ्या दिवसापासून जेवण झाले की कोमट मिठाच्या पाण्याने हलक्या चुळा भराव्यात.